सांतोरिनीचे भूकंप घरबसल्या वाचताना: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून लिहायला घेतोय. ग्रीसमधल्या सांतोरिनी, अमोर्गोस, इओस आणि अनाफी या बेटांवर आज शाळा बंद ठेवल्यात, कारण गेल्या आठवड्यापासून तिथे समुद्राखाली भूकंपांची रांग लागलीय आणि शनिवार-रविवारपासून ती फारच वाढलीय. आमच्या ग्रुपवर लगेच "ज्वालामुखी फुटणार" म्हणून व्हिडिओ फिरायला लागले, त्यातले बरेच तर भलत्याच ठिकाणचे. मी भूगर्भशास्त्रातला माणूस नाही, माझं कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पण तिथल्या भूकंपमापकांचा बराचसा डेटा कुणालाही फुकट उतरवता येतो हे माहीत होतं, म्हणून ठरवलं की व्हिडिओंच्या मागे न लागता आलेख आपणच वाचायचे आणि काय जमलं, काय फसलं ते तारखेनिशी लिहायचं, म्हणजे पुढे कुणाला असंच काही करावंसं वाटलं तर त्याचा वेळ वाचेल.

आधी नकाशा डोक्यात पक्का बसवला, हे न करता कुणी आलेखाला हात लावू नये. सांतोरिनी म्हणजे एका मोठ्या ज्वालामुखीचं उरलेलं कडं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात मधला भाग खचला आणि तिथे समुद्र आला. मधोमध निआ कामेनी नावाचं काळं बेट आहे, तिथला शेवटचा उद्रेक १९५० चा. सांतोरिनीच्या ईशान्येला सात-आठ किलोमीटरवर पाण्याखाली कोलुंबो हा दुसरा ज्वालामुखी, तो १६५० साली फुटला होता आणि वायूने नि लाटांनी सत्तरच्या आसपास माणसं गेली होती. त्याच दिशेने आणखी पुढे गेलं की अनिद्रोस हे निर्जन बेट आणि त्याच्या पलीकडे अमोर्गोस. आणि याच पट्ट्यात मोठे भ्रंशही आहेत, म्हणजे खडक जिथे एकमेकांवर सरकतात अशा जमिनीतल्या भेगा, ९ जुलै १९५६ ला अमोर्गोसजवळ सातच्या वरचा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, पन्नासच्या वर लोक गेले.

म्हणजे एकाच पट्टीत ज्वालामुखीही आहे आणि भ्रंशही. आत्ता हलतंय ते कशामुळे, हाच तिथल्या शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माझ्या लॅपटॉपवर मिळणार नाही. मला एवढंच बघायचंय की साध्या माणसाला आलेखातून खात्रीने काय काय वाचता येतं.

सामान: जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यावर ऑबस्पाय नावाची भूकंपाचा डेटा वाचायची लायब्ररी, दोन्ही फुकट. संध्याकाळ मात्र इन्स्टॉलेशनमध्येच गेली. लॅपटॉपवर आधीपासून पायथनचं जुनं व्हर्जन होतं आणि ऑबस्पाय त्याच्याशी भांडत होतं, एक एरर घालवली की दुसरी. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, जुन्यावर चढवत बसू नका, वेगळं एन्व्हायर्नमेंट करा." तसं केलं आणि लगेच चाललं. कुणी करणार असाल तर पहिल्यापासून असंच करा.

४ फेब्रुवारी

डेटा उतरवायला गेलो तो आधी हावरटासारखा, आसपासच्या सगळ्या बेटांची सगळी स्टेशनं, सगळे चॅनेल, अख्खा आठवडा. सर्व्हर थोडा वेळ चालायचा आणि तुटायचा, हातात काहीच नाही. सगळं जग तिथेच डोकावत असणार, त्याला आपण असं ओझं टाकणंही बरोबर नाही. मग फक्त तीन स्टेशनं निवडली: एक सांतोरिनीवरचं, एक अमोर्गोसवरचं, एक उत्तरेला नाक्सोसवरचं. प्रत्येकाचा फक्त उभ्या हालचालीचा चॅनेल, ज्याच्या नावात शेवटी झेड असतो तो. आणि एका वेळी एकाच तासाचा डेटा मागायचा. असं केलं की दिवसाचा एका चॅनेलचा डेटा दहा-पंधरा एमबीच होतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निघतो. वेगळी हार्ड डिस्क घ्यायचा विचार होता, गरजच नाही.

पहिला आलेख काढला तर नुसता जाड पट्टा, त्यात धक्का कुठला आणि काय कुठलं कळेना. कारण समुद्र. लाटांमुळे जमीन कायम हळूहळू डुलत असते, एका डुलण्याला चार ते आठ सेकंद, आणि बेटावर तर ते जास्तच. २ ते १५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २ ते १५ हेलकावेच ठेवणारा फिल्टर लावला आणि पट्टा एकदम पातळ झाला, धक्के एकेक सुटे दिसायला लागले. दिसायला लागले आणि पोटात गोळाच आला. एका तासात इतके. मिनिट-दोन मिनिटांनी एक, कधी पहिल्याची थरथर संपायच्या आत दुसरा. आपण हे रेघेवर बघतोय, तिथे रात्री माणसं अंगणात किंवा गाडीत झोपत असतील.

५ फेब्रुवारी

आजची नोंद सगळ्यात कामाची आहे, घाईत असाल तर एवढीच वाचा.

भूकंपाच्या दोन लाटा बघायच्या. पी लाट आधी येते, खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. एस लाट मागून, साधारण साडेतीन. वीज चमकली की गडगडाटापर्यंत मोजतो तसंच, दोन्हींच्या येण्यात किती सेकंद गेले ते मोजायचं आणि आठाने गुणायचं, भूकंप त्या स्टेशनपासून किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ मानाने निघतं. नकाशा नको, कुठल्या संस्थेची यादी नको, एक स्टेशन पुरतं.

मग नकाशावर पट्टी लावून आधीच गणित करून ठेवलं. सांतोरिनीच्या फिरा गावापासून कोलुंबो तेरा किलोमीटरच्या आसपास, खोली धरली तर तिथल्या भूकंपाचा फरक साधारण दोन सेकंद यायला हवा. अनिद्रोस तीसेक किलोमीटर, म्हणजे चार सेकंदांच्या आसपास. खुद्द सांतोरिनीच्या कढईखाली, म्हणजे त्या खचलेल्या मधल्या भागाखाली, काही झालं तर एक-दीड सेकंदाच्या आतच.

हे आकडे कागदावर मोठे लिहून भिंतीला लावले आणि मोठे-मोठे धक्के एकेक करून मोजायला बसलो. बहुतेक सगळे साडेतीन ते सव्वाचार सेकंदांत. म्हणजे हे धक्के अनिद्रोसच्या बाजूचे आहेत, सांतोरिनीच्या खालचे नाहीत. व्हिडिओत बिनधास्त सांगतायत की कढईखाली खदखद चालू आहे, आणि इथे रेघ साफ दुसरंच सांगतेय.

एस लाट पकडताना उभ्या चॅनेलवर फसायला होतं, ती तिथे नीट उठून दिसत नाही, पीच्या थरथरीत मिसळते. सुरुवातीचे बरेच आकडे त्यामुळे वेडेवाकडे आले आणि ते सगळे टाकून द्यावे लागले. आडव्या हालचालीचे दोन चॅनेलही उतरवले तेव्हा एस लख्ख दिसली. म्हणजे काल लिहिलेलं थोडं बदला: मोजणीला झेड चालतो, एस-पी, म्हणजे दोन लाटांमधला सेकंदांचा फरक, काढायला आडवेही लागतात.

६ फेब्रुवारी

रात्री ५.२ चा झाला. आज तिथल्या सरकारने सांतोरिनीवर आणीबाणी जाहीर केलीय, ३ मार्चपर्यंत. हजारो लोक बोटीने नि विमानाने बेट सोडून गेलेत, आकडा ११ हजारांच्या वर सांगतायत, आणि बेटाची कायमची वस्ती पंधरा-साडेपंधरा हजारांची.

माझा आजचा अर्धा दिवस घड्याळात गेला. बातमीत ५ तारीख रात्री ९ वाजून ९ मिनिटं. मी आपला ५ तारखेच्या रात्री नऊच्या फाइलमध्ये शोधतोय, तिथे पाच-बिच काही नाही, मग वाटलं डेटाच तुटलाय. डेटा असतो यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. ग्रीस हिवाळ्यात त्याच्या २ तास पुढे, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे फाइलमध्ये तो १९:०९ ला आणि आपल्याकडे ६ तारखेला रात्री १२:३९ ला. आता सगळ्या फाइलींची नावं यूटीसीतच ठेवतो, आपली वेळ कुठेच लिहीत नाही, फक्त दुकानाच्या कॅलेंडरवर तिन्ही वेळांचा तक्ता चिकटवलाय.

अजून एक, संस्थांच्या याद्यांचं. अथेन्सची राष्ट्रीय वेधशाळा, थेसालोनिकीचं अॅरिस्टॉटल विद्यापीठ, युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संस्था, प्रत्येकाची यादी वेगळी. एकच भूकंप एक-दोन दशांशांनी इकडे-तिकडे असतो, कारण मोजायच्या पद्धती वेगळ्या आणि स्टेशनं वेगळी. शिवाय पहिला आकडा कॉम्प्युटरने आपोआप काढलेला असतो, मग माणूस बसून तो तपासतो आणि तो बदलतो. तेव्हा दोन याद्या एकत्र करून धक्के मोजू नका, एकच भूकंप दोनदा मोजला जातो. एकच यादी धरा आणि तीही काही तासांनी बघा. "आकडा लपवला, कमी केला" असं जे फिरतंय ते बहुतेक या तपासणीमुळेच आहे आणि लोकांना घाबरवायला तेवढंच पुरतंय याचं वाईट वाटतं.

८ फेब्रुवारी

धक्के हाताने मोजणं आता शक्य नाही, म्हणून ऑबस्पायमधली एसटीए/एलटीए पद्धत लावली. यात गेल्या अर्ध्या सेकंदातल्या हालचालीची सरासरी आणि गेल्या मिनिटाची सरासरी यांची तुलना होते, छोटी सरासरी मोठीच्या चौपट झाली की प्रोग्राम म्हणतो धक्का आला. साधं आहे आणि एरवी चालतंही.

इथे चाललं नाही. प्रोग्रामने मोजलेले धक्के काल कमी निघाले, म्हणून मला बरं वाटलं, शांत होतंय म्हणून. पण आलेख डोळ्याने बघितला तर कमी कुठे, उलट दाटी वाढलेली. झालं असं की धक्के इतके जवळजवळ आहेत की त्या मिनिटाच्या सरासरीतच दोन-तीन धक्के बसतात, ती वर चढते, मग पुढचा धक्का तिच्या चौपट होतच नाही आणि सुटतो. म्हणजे जितकी गर्दी जास्त तितकी मोजणी कमी. हे फार घातक आहे, कारण नेमकं ज्या वेळी वाढतंय त्या वेळी कमी झाल्यासारखं दिसतं.

दुरुस्ती: लांबची सरासरी ६० वरून १२ सेकंदांवर आणली, चौपटीची अट तिपटीवर. त्यामुळे काही खोटे धक्केही यायला लागले, वाऱ्याचे वगैरे. म्हणून दुसरी अट घातली, ठरावीक उंचीच्या वरचेच धक्के मोजायचे, त्याखालचे नाहीच. छोटे सोडून दिले की आज-उद्याची तुलना तरी प्रामाणिक राहते, नाहीतर मोठ्या धक्क्यानंतरची काही मिनिटं छोटे सगळे त्याच्या थरथरीखाली दडतात आणि दर तासाचा हिशोब वेगळाच लागतो. रोज कुठलाही एक तास डोळ्याने मोजून प्रोग्रामशी ताडून बघतोय, हे सोडू नका.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जरा घाबरलो होतो. फिल्टर काढून कच्चा आलेख बघत होतो, तर ८ तारखेच्या २३:३६ यूटीसीच्या पुढे रेघ सावकाश डुलायला लागलेली आणि त्यानंतर अर्ध्या तासाने तर मोठमोठ्या संथ लाटा, एकेक वीस सेकंदांची. ज्वालामुखीत मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, सरकताना असे फार संथ संकेत येतात असं वाचलेलं होतं, त्यामुळे मनात लगेच तेच आलं.

मग नाक्सोसचा आलेख उघडला. तिथेही हेच, तेवढंच मोठं, जवळजवळ त्याच वेळी. अमोर्गोसलाही. सांतोरिनीखालचं काही असतं तर सांतोरिनीवर मोठं आणि नाक्सोसवर बारीक दिसलं असतं. तिन्हीकडे सारखं म्हणजे फार लांबून आलेलं. जगाची यादी बघितली, २३:२३ ला कॅरिबियन समुद्रात, केमन बेटांच्या नैर्ऋत्येला ७.६ चा भूकंप. दहा हजार किलोमीटर लांबून पी लाट यायला तेरा मिनिटं लागतात, बरोबर जुळलं.

आता नियमच केलाय, एका स्टेशनवर काही वेगळं दिसलं की दुसऱ्या बेटाचं उघडल्याशिवाय कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

११ फेब्रुवारी

काल रात्री, म्हणजे आपल्याकडे आज पहाटे पावणेदोनला, ५.३ चा झाला. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा.

दुपारी मित्राच्या मुलीचा फोन. "काका, आमचं एप्रिलचं सांतोरिनीचं बुकिंग आहे, तुम्ही ते आलेख बघताय ना, कॅन्सल करू का?" मी तिला सांगितलं की बाळ, हे मला सांगता येणार नाही आणि माझ्यासारख्या कुणी सांगितलं तर ऐकूही नको. तिथलं नागरी संरक्षण खातं काय सांगतं ते बघ आणि बुकिंगवाल्याकडे तारीख बदलायची सोय आहे का ते विचार. ती जरा हिरमुसली, पण आलेख वाचता येणं आणि सल्ला देता येणं यात फार अंतर आहे आणि ते मला पाळायचंय. आमचं मूळ गाव पाटणकडचं. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं आईकडून इतकं ऐकलंय की भूकंपावर हवेत बोलणाऱ्याचा मला रागच येतो.

आलेखातलं म्हणाल तर आज एक गोष्ट स्पष्ट दिसतेय. कोयनेला १९६७ ला झालं तसं एक मोठा धक्का आणि मग उतरत जाणारे छोटे, असं हे नाही. तशा प्रकारात मोठ्यानंतरचा सगळ्यात मोठा धक्का साधारण एक-सव्वा अंकाने लहान असतो आणि संख्या पहिल्या काही दिवसांतच झरझर उतरते. इथे पाचच्या आसपासचे कितीतरी, कुणी एक म्होरक्या नाही, आणि मध्ये शांत होऊन पुन्हा उसळी. याला झुंड म्हणतात, इंग्रजीतलं स्वॉर्म. झुंड मॅग्मानेही होते, द्रवाच्या दाबानेही, नुसत्या भ्रंशानेही. त्यामुळे "झुंड आहे" इथपर्यंत मी बोलू शकतो, कशाची आहे ते नाही.

१३ फेब्रुवारी

ट्रेमर शोधायला बसलो. ट्रेमर म्हणजे सुटे धक्के नाहीत, सलग चालू राहणारी थरथर, बहुधा १ ते ५ हर्ट्झमध्ये. हे शोधायचं कारण एल हिएरो. कॅनरी बेटांतलं हे छोटं बेट, तिथे जुलै २०११ पासून झुंड सुरू झाली, दहा हजारांच्या वर धक्के झाले, आणि १० ऑक्टोबरला बेटावरच्या स्टेशनांवर ट्रेमर उमटला. दक्षिणेला ला रेस्तिंगा गावासमोर समुद्राखाली उद्रेक सुरू झाला होता. म्हणजे लोकांना दिसायच्या आत रेघेवर कळलं. स्पेनच्या राष्ट्रीय भौगोलिक संस्थेचे तेव्हाचे आलेख बघून डोळा तयार केला, तिथे रेघ जाड होते आणि जाडच राहते.

दर दहा मिनिटांची सरासरी हालचाल काढली, सांतोरिनीवर ती चढताना दिसली. पण सरासरीत धक्केही धरले जातात, एकच मोठा धक्का आला तरी दहा मिनिटांचा आकडा उडतो. त्याऐवजी मध्यक घेतला, म्हणजे सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावून मधली घ्यायची. धक्के थोडाच वेळ टिकतात म्हणून ते मध्यकात येत नाहीत, मागची थरथर तेवढी उरते. मध्यकाचा आलेख सपाट. चढ होता तो धक्क्यांच्या गर्दीचा.

त्यानंतर स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या फ्रिक्वेन्सीत किती जोर आहे त्याचं रंगीत चित्र. अख्ख्या दिवसाचा एकदम काढायला गेलो तर लॅपटॉप बसला, बटण दाबून बंद करावा लागला, चालू असलेलं काम गेलं. दोन-दोन तासांचे तुकडे करा.

एका तुकड्यात मला हवी असलेली गोष्ट दिसली असं वाटलं, सलग सरळ पिवळी रेघ, तासभर न तुटता. पण ती होती २४ हर्ट्झला. २४ बघितल्यावर हातातलं काम थांबलं, कारण हा आकडा मी रोज बघतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटरी चौदाशे चाळीसच्या, चार पोलच्या. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. ग्रीसमध्येही वीज ५० हर्ट्झचीच. रेघ जवळून बघितली तर मध्येच किंचित खाली सरकते आणि पुन्हा वर येते, लोड चढला की मोटर थोडी मागे पडते तशी. आणि सुरू झाली ती एका क्षणात, बंदही एका क्षणात. नाक्सोस, अमोर्गोसला तिचा पत्ता नाही. स्टेशनच्या आसपास कुठेतरी पंप नाहीतर कॉम्प्रेसर चालत असणार. जमिनीतला ट्रेमर असा खटकन बंद होत नाही आणि इतकी बारीक, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीची एकच रेघ देत नाही.

एकूण ट्रेमर मला दिसला नाही. माझ्या तीन स्टेशनांवर, माझ्या पद्धतीने दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१६ फेब्रुवारी

तीन स्टेशनांची तीन अंतरं आहेत तर आपणच जागा काढू म्हणून नकाशावर वर्तुळं काढली. इथे फार शिकायला मिळालं.

अनिद्रोस सांतोरिनी आणि अमोर्गोसच्या जवळजवळ मधोमध, दोन्हीकडून तीस-एकतीस किलोमीटर. त्यामुळे दोन्ही स्टेशनांची वर्तुळं एकमेकांना नुसती चाटून जातात, नीट छेदत नाहीत. आणि चाटणारी वर्तुळं फार फसवी. एस-पी वाचताना माझी चूक सहज ०.१ सेकंदाची होते, म्हणजे ०.८ किलोमीटर. दोन्ही वर्तुळं तेवढीच मोठी झाली तर छेद कुठे जातो ते मोजलं, तर मधल्या रेघेपासून बाजूला ७ किलोमीटर! आणि बाजू कुठली तेही कळत नाही, वायव्य की आग्नेय. नाक्सोसचं वर्तुळ घातलं की बाजू ठरते, पण त्याच्यातही चूक असतेच. आग्नेयेला तर उघडा समुद्र, त्या बाजूने पक्कं धरायला माझ्या तिघांपैकी एकही स्टेशन नाही.

खोलीचं याहून अवघड. तीस किलोमीटर लांबून बघताना भूकंप ५ किलोमीटर खोल असो की १०, अंतरात फरक सव्वा किलोमीटरचा, म्हणजे ०.१५ सेकंद. माझ्या हाताच्या चुकीएवढाच. याद्यांमध्ये बऱ्याच भूकंपांपुढे बरोबर १० किलोमीटर लिहिलेलं असतं, ती मोजलेली खोली नसते, खोली नीट निघत नाही तेव्हा धरलेला आकडा असतो. त्यामुळे "बघा सगळे १० किलोमीटरवर, मॅग्मा तिथेच साठलाय" म्हणणारे आणि "काल १० होता, आज ५ झाला, वर येतोय" म्हणणारे, दोघांचंही ऐकू नका. साध्या माणसाने खोलीच्या नादी लागूच नये, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. वर्तुळांवर घालवलेला वेळ वाया गेला असं मात्र म्हणणार नाही, नकाशावरचा ठिपका किती पसरट असतो ते हाताने काढल्याशिवाय कळलं नसतं.

२४ फेब्रुवारी

संख्या उतरतेय. ठरावीक उंचीच्या वरचे धक्के रोज कमी, आणि यावेळी डोळ्याने मोजूनही तेच येतंय. एस-पीचा तक्ता रोज चालू आहे. सांतोरिनीवरचा फरक पहिल्या आठवड्यापेक्षा पसरलाय, चार सेकंदांच्या वरचे जास्त दिसतात, आणि त्याच धक्क्यांचा अमोर्गोसवरचा फरक थोडा कमी झालाय. एकीकडे वाढतो तेव्हा दुसरीकडे घटतो, म्हणजे वाचनातली चूक नाही, जागाच ईशान्येकडे सरकलीय. खोली नाही, ठिपके नाहीत, नुसते सेकंद, आणि तरी सरकणं दिसलं. याचा फार आनंद झाला.

दुकानात सीझन सुरू झालाय, शेतीपंपाच्या मोटरी जळून यायला लागल्यात, आता रोज लिहिणं होणार नाही.

९ मार्च

धक्के आहेत पण तुरळक. स्क्रिप्ट साफ केली, तीन कामं तीन फाइलींत वेगळी केली: उतरवणं, मोजणं, चित्र काढणं. आधी एकातच होतं, चित्रात एक रंग बदलायचा तरी सगळा डेटा पुन्हा उतरायचा.

४ ऑक्टोबर २०२५

गेल्या महिन्यात या झुंडीवर जर्मन आणि ग्रीक शास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचून काढला, काही ठिकाणी मुलीकडून समजून घेतला. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने २५ हजारांहून जास्त भूकंप वेगळे काढलेत, कोलुंबोजवळ समुद्रतळावर ठेवलेल्या यंत्रांचाही डेटा वापरलाय. निष्कर्ष असा की सुमारे ३० कोटी घनमीटर मॅग्मा खोलातून वर आला, ईशान्येकडे आडवा सरकत गेला आणि समुद्रतळाखाली साधारण ४ किलोमीटरवर थांबला. म्हणजे कारण मॅग्मा होता, पण तो बाहेर पडला नाही. भेगेत असा उभा घुसून थिजणारा मॅग्मा म्हणजे डाइक. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात त्या ह्याच, फक्त आपल्याकडच्या साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या.

माझा तक्ता त्यांच्या नकाशाशी ताडून बघितला. ईशान्येकडे सरकणं जुळतंय. धक्के कढईखाली नव्हते तेही जुळतंय. जे मला दिसूच शकत नव्हतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जमीन: जुलै २०२४ पासूनच सांतोरिनी काही सेंटिमीटर वर उचललं जात होतं आणि झुंडीच्या वेळी उलट खाली बसलं, कारण मॅग्मा तिथून निघून चालला होता. हे जीपीएस आणि उपग्रहातून कळतं, भूकंपाच्या रेघेत नाही. दुसरं म्हणजे खोली, मॅग्मा खालून वर चढत आला हे त्यांना समुद्रतळावरच्या यंत्रांमुळे धरता आलं, बेटांवरच्या तीन स्टेशनांवर ते निघणं शक्यच नव्हतं.

आणि माझी सुरुवातच ३ फेब्रुवारीची, तोवर जोर आला होता. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला डेटा अजून सर्व्हरवर आहे, तो आता उतरवतोय, तासातासाने, सांतोरिनी आणि अमोर्गोसचे तिन्ही चॅनेल. बघायचं एवढंच की सांतोरिनीवरचा एस-पी तेव्हा दोन-तीन सेकंदांच्या जवळ होता का आणि कुठल्या दिवशी तो वाढायला लागला. २६ जानेवारीपर्यंतचा उतरलाय, मोजणी रविवारी दुकान बंद असतं तेव्हा.